नववा महिना आणि मजुरीचा हिशेब

दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांवर संसार लादून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. प्रत्येक हंगामात त्या गाड्यांवर सहावा-सातवा महिना लागलेल्या स्त्रियाही असतात. पौष-माघात त्यांचे दिवस भरतात. तेव्हा त्या घरी नसतात. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत असतात.

त्याच महिन्यांत पुण्या-मुंबईतील सुस्थित घरांमधल्या गर्भवती स्त्रिया आठवड्यातून एक-दोनदा एखाद्या वर्गाला जातात. श्वास कसा घ्यावा, अंग सैल कसे सोडावे, कळा सुरू झाल्या म्हणजे काय करावे, हे त्यांना तेथे शिकवले जाते. हे शिक्षण उपयुक्त आहे आणि ते घेणाऱ्या स्त्रियांविषयी आमच्या मनात यत्किंचितही आकस नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. प्रसूतीसाठी शरीराची आणि मनाची सिद्धता करणे ही प्रत्येक गर्भवतीची गरज असेल, तर ती बाजारात विकत घेण्याची वस्तू का व्हावी? आणि जिच्याजवळ पैसाही नाही आणि सवडही नाही, तिने काय करावे?

प्रथम शरीराचा विचार करू. अठ्ठाविसाव्या आठवड्याला पोटातील मूल साधारणतः एक किलो वजनाचे असते. उरलेल्या बारा आठवड्यांत ते तिपटीच्या आसपास वाढते. आपल्या रक्तासाठी लागणारे बहुतेक लोह ते याच काळात आईच्या शरीरातून घेते. आईच्या रक्ताचे आकारमान गरोदरपणात चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते. हृदयाला त्या प्रमाणात अधिक काम पडते. अशा वेळी लोहाच्या गोळ्या, पुरेसा आहार, रक्तदाबाची तपासणी, दिवसा थोडी विश्रांती आणि रात्री कुशीवर झोप या गोष्टी चैनीत मोडत नाहीत. यंत्राला वंगण हवे हे कारखानदाराला सांगावे लागत नाही. स्त्रीच्या शरीराविषयी मात्र ते अजून सांगावे लागते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. रक्तक्षयाचा अर्थ केवळ थकवा असा नव्हे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, ती थोड्या रक्तस्रावानेही दगावू शकते. सरकारी कार्यक्रमानुसार गर्भवतीला लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या किमान १८० दिवस मिळावयास हव्यात. त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही, कॅल्शियमची गोळी तिच्यापासून वेगळ्या वेळी घ्यावी लागते, इतक्या बारकाव्यांनिशी हे कोणीतरी तिला सांगावे लागते. पण सातव्या महिन्यात जिल्हा सोडून गेलेल्या स्त्रीची नोंद एका आरोग्य केंद्रात आणि मुक्काम दुसऱ्याच तालुक्यात असतो. गोळ्या कागदावर वाटल्या जातात आणि पोटात जात नाहीत.

फडावरचा दिवस पहाटे सुरू होतो. नवरा ऊस तोडतो, बायको तो साळते, मोळ्या बांधते, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढते. आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते. पाणी कमी पिण्याने लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि असा संसर्ग अकाली प्रसूतीचे कारण ठरू शकतो. वैद्यकाची पुस्तके खोट्या आणि खऱ्या कळांमधला फरक असा सांगतात : विश्रांती घेतल्यावर ज्या थांबतात त्या खोट्या, विश्रांती घेऊनही ज्या ठरावीक अंतराने येत राहतात आणि वाढत जातात त्या खऱ्या. ही कसोटी अचूक आहे. परंतु जिला विश्रांतीच नाही, तिने ती लावून पाहावी कशी? आरोग्यशिक्षणाचे सर्व उपदेश सवड गृहीत धरतात, आणि सवड हीच मजुराजवळ नसलेली वस्तू असते.

आता मनाविषयी. प्रसूतीची भीती ही मूर्खपणाची गोष्ट नव्हे. पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी बाळंतपणात मरण पाहिले आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३० च्या दशकात मांडले की भीतीने स्नायू ताठरतात, ताठरल्याने वेदना वाढते आणि वेदनेने भीती आणखी वाढते. हे चक्र ज्ञानाने आणि सोबतीने सैल करता येते. काय होणार आहे हे जिला ठाऊक आहे, ती कळेला निराळ्या रीतीने सामोरी जाते.

या विचाराचा पुढचा टप्पा आमच्या कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. आज उच्च मध्यमवर्गीय वर्गांमध्ये ज्यांचे नाव सर्रास घेतले जाते ते फर्नांड लामाझ हे फ्रेंच डॉक्टर. सोव्हिएत डॉक्टरांनी विकसित केलेली मानसिक पूर्वतयारीची पद्धत त्यांनी १९५१ मध्ये लेनिनग्राडमध्ये पाहिली आणि १९५२ पासून ती पॅरिसमधील एका प्रसूतिगृहात अंमलात आणली. ते प्रसूतिगृह धनिकांचे नव्हते. ते धातुकामगारांच्या संघटनेचे होते. कामगारांच्या बायकांना गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तेथे शरीराची रचना समजावून दिली जाई, श्वासाचा आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव करून घेतला जाई, नवऱ्यालाही त्या शिक्षणात ओढले जाई. पुढे फ्रान्सच्या सामाजिक विमा व्यवस्थेने या वर्गांचा खर्च उचलला. म्हणजे जी गोष्ट आज शहरातील महागडी सेवा म्हणून विकली जाते, तिचा प्रसार एका कामगार संघटनेच्या दवाखान्यातून झाला आहे. संघटनेने ती कामगार स्त्रीचा हक्क म्हणून उभी केली. बाजाराने तिला फीचा आकडा चिकटवला.

या पद्धतीचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘वेदनारहित प्रसूती’ हे तिचे मूळ नाव अतिशयोक्तच होते. पूर्वतयारीने वेदना नाहीशी होत नाही. ती सोसण्याजोगी होते, आणि कित्येकदा तेवढीही होत नाही. कळा असह्य झाल्या म्हणून ओरडणारी स्त्री नापास झालेली नसते, आणि जिला शस्त्रक्रियेची गरज पडली तिची तयारी कमी पडली असेही नसते. आपल्याकडे ‘गर्भसंस्कारा’च्या नावाखाली बुद्धिमान, गोरे किंवा गुणी मूल मिळवून देण्याची जी आश्वासने विकली जातात त्यांना तर शास्त्राचा कोणताही आधार नाही. गर्भवतीने संगीत ऐकावे, चांगले वाचावे, प्रसन्न राहावे. त्याने तिला बरे वाटेल. पण उद्या मूल अशक्त निपजले तर त्याचा दोष तिच्या विचारांवर ढकलणारी शिकवण ही तिच्या मनाची सिद्धता नव्हे, तो तिच्या मनावरचा नवा बोजा आहे.

आपल्या समाजाने पूर्वीपासून या तयारीची एक व्यवस्था केलेली होती, हेही विसरता कामा नये. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे यांचा अर्थ काय? सासरच्या कामातून सुटका, आवडीचे चार घास, आणि जिच्यापाशी भीती बोलून दाखवता येईल अशा आईचा सहवास. कर्मकांड वजा केले तर उरते ती ही विश्रांती, हा आहार आणि ही सोबत. परंतु ही व्यवस्था ज्या घरात धान्य आणि सवड आहे त्या घरापुरतीच होती. ऊसतोडणी मजुराच्या मुलीचे माहेरही हंगामात कोणत्यातरी फडावरच असते. तिने बाळंतपणाला जायचे कोठे?

कायदा तिला काय देतो ते पाहू. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी तिने मातृत्व संरक्षणाचा ठराव केला. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने वाहावा हे मान्य करूनही ज्याला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्या मालकाची जबाबदारी सुटत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९६१ मध्ये अखिल भारतीय कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद पुढे चालू आहे. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेण्यासही कायद्याने मनाई आहे.

हे सर्व ज्या स्त्रीच्या नावाने एखाद्या आस्थापनेच्या हजेरीपटावर ओळ आहे तिच्यासाठी. ऊसतोडणी करणारी स्त्री कोणाची मजूर? कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, उचल मी नवऱ्याला दिली. हिशेबात ती स्वतंत्र मजूर म्हणून नाहीच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि ती त्या कोयत्याचा अर्धा भाग. तिने खाडा केला तर दंड कोयत्याला बसतो आणि उचल फिटत नाही. अशा स्थितीत आठव्या-नवव्या महिन्यात घरी थांबण्याचा निर्णय एकट्या तिचा राहत नाही. तो सगळ्या संसाराच्या कर्जाचा प्रश्न होतो.

या हिशेबाचे टोक कोठवर जाते हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी मजूर स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अनावश्यक शस्त्रक्रिया करणारे दवाखाने होते, अज्ञान होते, उपचारांचा अभाव होता, आणि त्याबरोबरच खाड्याची भीतीही होती. जेथे गर्भाशय हीच मजुरीतील अडचण मानली जाते, तेथे प्रसूतीची सिद्धता हा शब्द उच्चारायलाही संकोच वाटतो.

असंघटित स्त्रीसाठी सरकारची योजना नाही असे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजार. म्हणजे कायद्यातील सार्वत्रिक हक्क योजनेत येता येता अटींनी कातरला गेला. तामिळनाडू राज्य मात्र डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून रोख रक्कम आणि पोषण-आहार मिळून अठरा हजार रुपयांचे साहाय्य देते. इच्छाशक्ती असेल तर एखादे राज्य काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

जन्मभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे येथे साधे त्रैराशिक मांडल्यावाचून राहवत नाही. दिवसाची मजुरी तीनशे रुपये आणि आठवड्याचे सहा दिवस धरा. प्रसूतीपूर्वी आठ व नंतर सहा, अशा चौदा आठवड्यांची मजुरी २५,२०० रुपये होते. पाच हजार रुपयांत तिचे सतरा दिवसही भरत नाहीत. आता दुसरी बाजू पाहा. २०२२-२३ च्या हंगामात महाराष्ट्रातील कारखान्यांनी दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. म्हणजे एका हंगामाचे शंभर कोटी. एवढ्या रकमेतून ३९ हजारांहून अधिक स्त्रियांना चौदा आठवड्यांची पूर्ण मजुरी देता येते. महामंडळाकडे इतरही कामे आहेत, मुलांची वसतिगृहे आहेत, विमा आहे. सर्व पैसा याच कामी लावावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु पैसा नाही ही सबब टिकत नाही, एवढे या आकड्यांतून निश्चित सिद्ध होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. मातृत्वाचा खर्च मालकावर टाकला तर मालक किंवा मुकादम गर्भवतीला कामावर घेणारच नाही. हे खरे आहे. म्हणूनच तो खर्च एकेका मुकादमावर न टाकता टनामागच्या सामाईक निधीतून व सरकारी अनुदानातून व्हावा. कोणत्या कोयत्यात गर्भवती आहे यावर कोणाचाच नफा-तोटा अवलंबून राहता कामा नये. शिवाय ज्या हंगामात ती कामाला जात नाही त्या हंगामाची उचल तिच्या नवऱ्याला अर्ध्या कोयत्याच्या हिशेबाने मिळाली पाहिजे आणि उरलेला अर्धा निधीने भरून दिला पाहिजे. नाहीतर साहाय्य बँकेत जमा होईल आणि बाई फडावरच राहील.

दवाखान्यात पोचल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. आज महाराष्ट्रात बहुसंख्य बाळंतपणे दवाखान्यांत होतात, आणि २०१८ ते २०२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जन्मांमागे ३३ होते. त्याच काळात देशाचे ९७ होते. ही प्रगती मोलाची आहे. पण केरळचे प्रमाण तेव्हा १९ होते, हेही आपण ध्यानात ठेवावे. दुसरीकडे पाचव्या पाहणीत देशातील खाजगी दवाखान्यांतील जवळजवळ निम्मी बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण सुमारे चौदा टक्के होते. गरीब स्त्रीला गरज असता शस्त्रक्रिया मिळत नाही आणि पैसेवालीला गरज नसता ती टळत नाही, असा हा व्यवहार आहे. त्यातच कित्येक प्रसूतिकक्षांत कळा देणाऱ्या स्त्रीवर खेकसण्याची रीत अजून गेलेली नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षात तिच्या पसंतीच्या एका स्त्रीला सोबत राहण्यास परवानगी दिली. कळांच्या वेळी सतत सोबत असेल तर प्रसूतीचा काळ आणि शस्त्रक्रियेची शक्यता दोन्ही कमी होतात, असा निष्कर्ष अनेक देशांतील प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यातून निघाला आहे. या उपायाला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. केवळ दार उघडे ठेवावे लागते. तरी ते किती ठिकाणी उघडे असते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

येथे आपल्या चळवळीनेही आत्मपरीक्षण करावयास हवे. साखर संघाशी होणारी बोलणी मजुरीचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांभोवतीच प्रामुख्याने फिरत आली. दरवाढ महत्त्वाची आहेच. परंतु मागण्यांच्या यादीत नववा महिना कितीदा वरच्या क्रमांकावर आला? ती यादी लिहिणारे हात बहुशः पुरुषांचे होते, हे कबूल केलेले बरे. प्रस्तुत लेखकानेही तीस वर्षे फळ्यावर ‘श्रम’ हा उत्पादनाचा घटक म्हणून लिहिला. तो श्रमिक जन्माला येतो कसा आणि कोणाच्या जिवावर, हे त्या फळ्यावर कधी आले नाही.

तेव्हा करावयाचे काय? पुढील करारात ऊसतोडणी स्त्रीची स्वतंत्र मजूर म्हणून नोंद आणि चौदा आठवड्यांची मजुरी ही मागणी दराच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडावी. टोळी गाव सोडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आशाताईंच्या मदतीने गर्भवती स्त्रियांची यादी करावी, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबर जाईल हे पाहावे, आणि ज्या तालुक्यात टोळी उतरणार तेथील आरोग्य केंद्राला कळवावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी असते. त्या दिवशी तिची मजुरी कापली जाणार नाही, असे मुकादमाकडून वदवून घ्यावे. रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, पोटातील मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले की क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर गाडी बोलवायची, हे टोळीतील प्रत्येक पुरुषालाही पाठ असले पाहिजे. आणि संध्याकाळी कोप्यांसमोर चार स्त्रियांना एकत्र बसवून कळा म्हणजे काय, श्वास कसा घ्यावा, सोबत कोण येणार, हे एखाद्या परिचारिकेने समजावून सांगावे. पॅरिसच्या धातुकामगारांनी जे केले ते उसाच्या फडावर होऊ शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

शरीराची आणि मनाची सिद्धता हे शब्द ऐकायला खाजगी वाटतात. पण शरीराला विश्रांती हवी तर कोणीतरी त्या दिवसांची मजुरी दिली पाहिजे. मनाला धीर हवा तर दवाखाना कोठे आहे आणि उचल कशी फिटेल, हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे. तिच्या भीतीतील मोठा भाग कर्जाच्या वहीत लिहिलेला आहे. ती वही बदलण्याचे काम आपले आहे.

पुढच्या दसऱ्याला गाड्या पुन्हा निघतील. ज्या स्त्रीला सातवा महिना लागला आहे ती त्या गाडीत चढण्याऐवजी आपल्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून त्यांना निरोप देऊ शकली, तर आपण काहीतरी केले असे म्हणता येईल.